घर बघून घेतलेला प्रवेश

रविराज हल्ली फार छान बोलतो, आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

हसू नका. हा माझा मुलगा लहानपणी इतका मुखदुर्बळ होता, की पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसायचा. पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच भाजीबाजार. कोथिंबीर आणायला पाठवलं की हमखास पिवळी जुडी घेऊन यायचा. "अरे, बघून घ्यायची ना!" म्हटलं तर म्हणायचा, "ती बाई म्हणाली, घे राजा, चांगलीये. मग नाही कसं म्हणू?" ह्यांना त्याचा राग यायचा. सातपूरच्या कारखान्यात माणसांकडून काम करून घेण्यात ह्यांचं आयुष्य गेलं. "याला कुणीही विकून खाईल," म्हणायचे. मी मात्र आतून सुखावायचे. माझा मुलगा फसेल, पण कुणाला फसवणार नाही, असं वाटायचं.

बीकॉम झाल्यावर धड नोकरी मिळेना, म्हणून एमबीए. मोठ्या कॉलेजांत नंबर लागला नाही. शहराबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडे, एक छोटं खाजगी विद्यापीठ आहे, तिथे लागला. काचेची एक इमारत, एक कँटीन आणि रस्त्यावर हसऱ्या मुलामुलींचे मोठमोठे फलक. त्याने मार्केटिंग घेतलं. पहिल्या वर्षी वर्गासमोर बोलायचं असलं की आदल्या दिवशीच अंग गरम व्हायचं. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणायचा, "आई, तू गिऱ्हाईक हो." मी पोळ्या लाटता लाटता गिऱ्हाईक व्हायचे. साबण, विमा, पाण्याचा फिल्टर, काय काय त्याने मला विकायचा प्रयत्न केला!

"नको हो, आमच्याकडे आहे," मी म्हणायचे, की हा गप्प.

"आई, इतक्या लवकर नाही म्हणायचं नसतं गं!"

हळूहळू माझ्या प्रत्येक 'नको'वर त्याच्याकडे उत्तर तयार असायला लागलं. मला आनंद झाला, का खोटं बोलू? शेजारच्या अक्काबाईंना मी त्याच्या वर्गातल्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला होता.

उन्हाळ्यात त्यांना एखाद्या कंपनीत प्रकल्प करायचा असतो. ज्यांना कंपनी मिळाली नाही, त्यांना विद्यापीठाने स्वतःच्याच प्रवेश विभागात घेतलं. काम एवढंच, की तालुक्यांत फिरायचं आणि बारावी झालेल्या मुलामुलींचे प्रवेश आणायचे. ठरवून दिलेले प्रवेश आणले तर प्रकल्प पास आणि पुढे नोकरीच्या मुलाखतींना नाव. एकजण मालेगावला गेला, रविराजच्या वाट्याला सुरगाणा आला. पहिले काही दिवस जीपने घाट चढून जायचा आणि पडलेल्या चेहऱ्याने परत यायचा. मग एका संध्याकाळी खुशीत आला.

"आई, तिथे माहितीपुस्तक कुणी वाचत नाही. ओट्यावर बसायचं, देतील ते खायचं. नागलीची भाकर पुन्हा मागून घेतली की माणसं आपली होतात."

"भूक होती म्हणून मागितलीस ना?"

तो हसला. बॅग उचलून खोलीत गेला.

गेल्या आठवड्यात सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून फुलाबाई आणि तिची मुलगी आशा कॉलेज बघायला आल्या. परतीची शेवटची जीप चुकली, तेव्हा रविराज त्यांना घरी घेऊन आला. फुलाबाई ठेंगणी, चपळ, बोलायला खमकी. दारातच तिने फडक्यात बांधलेलं नागलीचं पीठ माझ्या हातात दिलं.

"घ्या ताई. तुमचा पोरगा आमची टोपली रिकामी करून आला. आता तुमची पाळी."

"मावशी, तुम्हीच आग्रह केलात," रविराज म्हणाला.

"मी एकदा केला रे. दुसऱ्यांदा तूच हात पुढं केलास!"

सगळे हसलो. आशा हसली नाही. ती मोजकं बोलणारी मुलगी. बारावीला शास्त्र शाखेत चांगले गुण आहेत. जेवताना मला हळूच म्हणाली, "काकू, सरकारी नर्सिंगच्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलंय."

मी काही बोलायच्या आत रविराज म्हणाला, "नर्सिंगमध्ये काय आहे आशा? जन्मभर रात्रपाळ्या. इथे आधी बीबीए, मग माझ्यासारखं एमबीए. मुलींचं हॉस्टेल आवारातच आहे. मावशी, तुम्हाला घोर नको."

हिवाळ्यात पालकसभेला मी तिथे गेले होते. हॉस्टेलच्या जागी नुसते खांब उभे आहेत, वर गंजक्या सळया. सावलीला शेळ्या बसल्या होत्या. मी रविराजकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत भात कालवत होता. पाहुण्यांसमोर मुलाला खोटं कसं पाडायचं? मी फुलाबाईला आणखी वरण वाढलं.

सकाळी निघताना तिने आशाचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला माझ्यादेखत रविराजकडे दिला. आणि मला म्हणाली, "कॉलेजातलं मला काय कळतंय ताई, काचच काच! पण थोरली पोरगी दिली तेव्हा बी मी जमीन नाय पाह्यली. चूल पाह्यली, सासू पाह्यली. तसं तुमचं घर पाह्यलं. आता चिंता नाय."

जीपस्टँडकडे जाणाऱ्या रिक्षातून तिने हात हलवला, तसा मीही हलवला. तिने मुलगी विद्यापीठाला दिलीच नव्हती. माझ्या वरणभातावर विश्वास ठेवून दिली होती. विद्यापीठाला तर तिचं नावही माहीत नाही.

तेव्हापासून मला काही सुचेना. आज जेवायला बसल्यावर मी विषय काढला.

"रवी, त्या मुलीला सांग, हॉस्टेल नाहीये म्हणून."

"पुढच्या वर्षी होईल की."

"तोवर ती कुठे राहील?"

"बघू काहीतरी. आई, सगळे असंच करतात. सर स्वतःच सांगतात, आधी प्रवेश, मग अडचणी."

"आणि तिचा दाखला?"

"उद्या जमा करणार. हा शेवटचा प्रवेश आहे माझा. तिच्यावर प्रकल्प अडलाय."

"एकदा जमा झाला की परत मिळतो?"

तो पाणी प्यायला. "मिळतो. पण लगेच नाही."

नर्सिंगला हजर व्हायची मुदत परवा संपते आणि तिथे मूळ दाखल्याशिवाय उभंही करत नाहीत. हे आशाने मला सांगितलं होतं, आणि रविराजलाही माहीत होतं.

"धंदा शिकायलाच पाठवला होता ना?" हे मध्येच म्हणाले. "शिकला, तर आता तूच रडतेस."

"पप्पा, तुम्हीच म्हणायचात, याला कुणीही विकून खाईल. बघा आता!" रविराज हसला. ह्यांना हसू आलं नाही. मग त्याचा आवाज बदलला. पलंगाखालच्या मुलाचा आवाज मला बऱ्याच दिवसांनी ऐकू आला. "मी काय करू आई? प्रकल्प नापास झाला तर आणखी एक वर्ष. माझे मित्र कुठल्या कुठे गेले. त्या मुलीचं वर्ष वाचवू, की माझं?"

त्याचं वर्ष गेलं तर ह्यांचं बोलणं, नातेवाइकांचं विचारणं, त्याचं खोलीचं दार लावून बसणं, हे सगळं मलाच बघायचं आहे. आई म्हणून मी त्याच्या बाजूला असायला हवं. पण कुठली बाजू त्याची, हेच तर मी इथे लिहीत बसले आहे.

आता सगळे झोपलेत. रविराज रोज बॅग खोलीत नेतो. आज ती बाहेरच्या खुर्चीवर आहे, चेन अर्धी उघडी, आणि आशाच्या दाखल्याची प्लॅस्टिकची फाइल वर आलेली. विसरला असेल. किंवा त्याला स्वतःला जे 'नाही' अजूनही म्हणता येत नाही, ते मी म्हणावं असं वाटत असेल. मी माझ्या सोयीचा अर्थ लावत असेन. तरी फाइल काढून मी देवघराच्या फळीवर ठेवली आहे.

पाड्यावर रेंज नाही. आशा जाताना म्हणाली होती, "काकू, फोन करायचा तर सकाळच्या जीपच्या वेळेला करा. आई भाजीची पाटी घेऊन टेकाडावर येते, तिथे लागतो."

त्या वेळेला मी रविराजला उठवणार आहे. चहा देईन, समोर बसवीन. चोरून काही करायचं नाही. तो चिडेल, कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. बोलायचं तर मलाच आहे. फुलाबाई, पाटी राहू द्या, आशाला घेऊन याच जीपने या. हॉस्टेल नाहीये. दाखला माझ्याकडे आहे, आमच्या घरून घेऊन जा.

फोन मी त्याच्यासमोरच लावणार आहे.