अराक्सीचं मशीन

बारा वाजले की आमच्या शिवणकारखान्यातली अकरा मशिनं थांबायची आणि बारावं चालूच राहायचं. ते अराक्सीचं. आर्मेनियाहून आलेली ही बाई मान वर न करता पडदे शिवत बसायची आणि एका हातानं पाव तोंडात कोंबायची. माझं डोकंच फिरायचं. फ्रान्समधल्या आमच्या मायेन भागात जेवणाची सुट्टी आमच्या आयांनी भांडून मिळवली आहे. ती सोडून काम करायचं म्हणजे आम्हाला आळशी म्हणायचं. सकाळी आली तरी तेच, सरळ मशीनवर. एकेकीपाशी थांबून ‘बाँजूर’ म्हणणं नाही.

“मालकाची लाडकी व्हायचंय तिला,” मिरेय म्हणायची. ती माझ्या शेजारच्या मशीनवरची, जिभेला हाड नसलेली.

मीही काही कमी नव्हते. महिनाभर मी सुपरवायझर मादाम बेराँचे कान भरत होते. चौतीस वर्षं झाली होती मला तिथे, माझ्या शब्दाला वजन होतं. अराक्सीचं प्रोबेशन त्या शुक्रवारी संपणार होतं.

गुरुवारी बाराला माझा तोल सुटला. मी जाऊन तिच्या मशीनचं बटणच बंद केलं.

“आम्ही काय चावतो का गं? एकदा तरी आमच्याबरोबर जेवणाच्या टेबलावर येशील?”

ती पांढरीफटक पडली. “ओदेतबाई, नका हो असं करू. आधीच्या ठिकाणी जी जेवायला उठायची तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवायचे. माझी मुलगी तिकडे आजीपाशी आहे. नोकरी पक्की झाल्याशिवाय तिला आणता येत नाही मला.”

म्हणजे ही बाई भीतीनं उठत नव्हती, आणि मी तिला लांगूलचालन करणारी ठरवून मोकळी झाले होते.

“उद्या टेबलावर ये,” एवढंच म्हणाले. माफी मागायला माझी जीभ वळली नाही.

शुक्रवारी ती आली, अंग चोरून बसली. ब्री चीजचा तिकोनी तुकडा फिरत फिरत तिच्यापाशी पोचला. त्याचं टोक सगळ्यात मऊ, म्हणून ते कुणी एकटीनं उचलत नाही. कडेनं लांब पाचर कापायची, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं. अराक्सीनं सुरी घेतली आणि नेमकं टोकच कापलं.

“घ्या! पहिल्याच दिवशी,” मिरेय पुटपुटली.

अराक्सीनं तो तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. “आमच्याकडे चांगलं ते आधी मोठ्यांना.”

तो तसाच ठेवून मी उठले आणि थेट मादामच्या खोलीत गेले.

“अराक्सीला ठेवून घ्या.”

मादामनी टेबलावरचा लिफाफा दाखवला. “आता सांगताय? तिला काढायच्या पत्रावर सही झाली, चारला तिच्या हातात देणार. ही बाई आपल्यात मिसळत नाही म्हणून रोज तुम्हीच येत होतात ना?”

“चुकलं माझं.”

“मग मी काय करू? जा, कामाला लागा.”

मी मशीनवर बसले, पण सुरू केलं नाही. मिरेयला सगळं सांगितलं.

“तू पण ना, कमालच आहेस,” ती म्हणाली आणि तिनंही हात मांडीवर ठेवले. मग पुढची, मग तिच्या मागची. मादाम लिफाफा हातात घेऊन दारात आल्या तेव्हा एकच मशीन खडखडत होतं.

“अराक्सी, बंद कर,” मी म्हणाले.

तिनं आमच्याकडे पाहिलं, मग त्या लिफाफ्याकडे. मला वाटलं, नाही करणार. का करावं तिनं? तिनं बटण दाबलं.

मादामनी बंद मशिनांवरून नजर फिरवली. कुणी हललं नाही. शेवटी त्यांनी लिफाफा मधोमध फाडला आणि म्हणाल्या, “सोमवारी आठला. सगळ्याजणी.”

अराक्सी माझ्या गळ्यात पडून रडली. “तुम्ही वाचवलंत मला,” म्हणाली. आज तिची मुलगी मला आजी म्हणते. ते पत्र कुणामुळे लिहिलं गेलं, हे मी दोघींनाही अजून सांगितलेलं नाही.