दादाचं गाजलेलं गाणं

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत एकटा, संध्याकाळी घरी आला की आपल्या खोलीत एकटा. लग्न केलं नाही, मित्र टिकवले नाहीत. मी धाकटी बहीण, पण माझ्याशी चार वाक्यं बोलणंही त्याच्या जिवावर येतं. तरी रस्त्यात कोणी ना कोणी अडवतंच, "त्या गाण्यात ड्रम वाजवणारे तुम्हीच ना?" हा कसंनुसं हसतो आणि पळ काढतो. लोकांना वाटतं, केवढा हा विनय! विनय कसला डोंबलाचा.

तेवीस वर्षांपूर्वी त्यांचा चौघांचा बँड होता. कडक गिटार, गोड चाल, तीन मिनिटांत खेळ खलास. एका सिनेमावाल्याला गाणं हवं होतं. नायिका नोकरीला लाथ मारून ऑफिसचा जिना उतरते, त्या प्रसंगासाठी. बँडच्या गायकानं ते दोन दिवसांत लिहिलं. सिनेमा आठवड्यात आपटला, गाणं मात्र घराघरांत पोचलं. त्याच्या सुरुवातीचे ड्रमचे सात ठोके पोरंटोरं अजून बाकावर वाजवतात.

ते ठोके दादाचे नाहीत. स्टुडिओत कानात तालाची टिकटिक लावतात आणि तिला धरून वाजवावं लागतं. चौदा वेळा करूनही याला जमेना. शेवटी स्टुडिओतल्याच एका माणसाला बसवलं, त्यानं पहिल्या फटक्यात उरकलं. दादा काचेपलीकडे सोफ्यावर बसून होता. कॅसेटच्या कव्हरवर नाव मात्र याचंच छापलं. बँड मोडल्यावर त्यानं हे फक्त मला सांगितलं. "आईला कळता कामा नये," म्हणाला. आई शेजारीपाजारी लेकाचे ढोल पिटत फिरायची. तिचा तेवढाच एक अभिमान, तो कसा काढून घ्यायचा? म्हणून इतकी वर्षं मूग गिळून बसला. मला त्याचा राग यायचा, आणि फार वाईटही वाटायचं.

गेल्या रविवारी दुपारी मी आई-दादाकडे गेले होते. आईनं ते गाणं लावलं, रोज लावते तसं, मोठ्यानं. दादा खोलीतून बाहेर आला, बटण बंद केलं, आणि परत न जाता तिथेच उभा राहिला. आई आता ऐंशीची झाली. आता नाही तर कधी, असं त्याच्या मनात आलं असावं.

"आई, यात मी वाजवलेलं नाही."

आई मटार सोलत होती. हात थांबले नाहीत.

"माहितीये की. पहिल्या दिवसापासून माहितीये. तू दुसऱ्या कडव्याला धावतोस. हा मेला धावत नाही."

दादा मटकन खुर्चीत बसला.

"मग रोज कशाला लावतेस?"

"तू बंद करायला बाहेर येतोस ना," आई म्हणाली. "तेवढाच दिसतोस."