मल्हारीचा उजवा हात

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं बसणाऱ्या मैत्रिणीला माहीत नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा मी या गोष्टीला वळसा घालून जाते — म्हणजे बघा, देवाशीही लबाडी. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. सांगून होईल ना माझ्याकडून? बघू.

मी इथं संभाजीनगरात एका रुग्णालयाच्या बालविभागात फिजिओथेरपिस्ट आहे. जन्मताना ज्यांना त्रास झाला अशा बाळांना दर दोन-तीन महिन्यांनी आमच्याकडं बोलावतात. मान धरतं का, बसतं का, पडायला लागलं तर स्वतःला सावरतं का — हे मी बघते आणि फॉर्मवर लिहिते. काम म्हणाल तर एवढंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बाई दिवसभर लेकरं खेळवते.

त्यातली एक चाचणी तुम्हाला सांगायलाच हवी. माणूस तोंडावर पडायला लागला की हात पुढं टाकतो ना? ते कुणी शिकवत नाही. सात-आठ महिन्यांत ते आपोआप येतं, दहाव्यापर्यंत यायलाच पाहिजे. आलं की नाही हे बघायला बाळाला पालथं, छातीखाली दोन्ही हातांनी घट्ट धरून उचलायचं आणि डोकं पुढं करून गादीकडं एकदम खाली न्यायचं. एकदम — हळू नेलं तर उपयोग नाही, त्याला क्षणभर वाटलं पाहिजे की आपण पडतोय. चांगलं बाळ दोन्ही हात बोटं पसरून पुढं टाकतं. एकच हात आला आणि दुसरा मुठीतच राहिला, तर मेंदूच्या एका बाजूला काहीतरी बिनसलंय असं धरून पुढं तपासायचं. आम्ही तिला पॅराशूट म्हणतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

ती चाचणी मी जवळजवळ वर्षभर घेतलीच नाही. आणि दर फॉर्मवर घेतली असं लिहिलं.

हे सांगितलं खरं. पण सांगायचं आहे ते याच्याही पुढं आहे.

सुरुवात तेलापासून झाली. आमच्याकडं लेकराला दवाखान्यात न्यायचं म्हटलं की सकाळी उठून त्याला तेलानं चोपडतात. टाळू भरतात, अंघोळ घालतात, आणि निघताना पुन्हा एकदा तेलाचा हात फिरवतात — कोरडं लेकरू डॉक्टरपुढं नेलं तर आईनं हेळसांड केली असं दिसतं म्हणे. असंच एक गुटगुटीत बाळ मी उचललं, खाली नेलं, आणि ते माझ्या हातांतून सटकलं. साबणाची वडी सटकते तसं. कसं कोण जाणे, त्याच्या मांडीपाशी माझी बोटं अडकली. त्याचं कपाळ गादीच्या पलीकडं, फरशीपासून वीतभर वर लटकत होतं. त्याची आई पाठमोरी पिशवीतून झबलं काढत होती. बाळ खुदकन हसलं. कुणीच काही पाहिलं नाही.

मी मात्र पाहिलं होतं. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं आणि बेसिनला धरून उभी राहिले. त्या दिवसापासून बाळ हवेत उचललं की माझ्या पाचावर धारण बसायची. मग मी हळूच खाली न्यायला लागले. मग नुसतं उचलून परत ठेवायला लागले. मग तेही नाही. एका टॉवेलनं तेल पुसून घेतलं असतं तर? मैत्रिणीला म्हटलं असतं, अगं, जरा तू घे? दोन शब्दांचं काम होतं. पण इतक्या वर्षांची अनुभवी बाई — मला लेकरू उचलायची भीती वाटते हे कसं सांगू? फॉर्मवर उजवा आणि डावा असे दोन चौकोन असतात. त्या दोन्हींत अधिकचं चिन्ह काढायला कसलीच भीती वाटत नव्हती.

त्या वर्षात मनीषा आली. कन्नड गावाच्या पलीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, विशी नुकती ओलांडलेली. सोबत सासू. लेकरू नऊ महिन्यांचं, नाव मल्हारी. जन्मला तेव्हा निळा पडला होता, आठ दिवस काचेच्या पेटीत होता. आता मात्र अंगानं छान भरला होता आणि अर्थातच तेलात न्हालेला.

मी त्याला बसवलं आणि बाजूला हलकंच ढकललं. ही सोपी चाचणी, हिची मला भीती नव्हती. डाव्या बाजूला कलला तेव्हा डावा हात टेकला. उजव्या बाजूला ढकललं तर मनीषाचाच हात मध्ये आला. असं नेहमी होतं, लेकराच्या आधी आईचा हात पोचतो. तिला दोन हात लांब बसवून परत बघायचं असतं, मला ते चांगलं माहीत होतं. पण मल्हारी रडायला लागला, बाहेर रांग होती, आणि खरं सांगू? मला ते आवरायचं होतं. कारण यानंतर त्याला उचलायची पाळी होती.

मी खुळखुळा पुढं धरला. त्यानं डाव्या हातानं घेतला. दुसरा धरला, तर पहिला टाकून तोही डाव्याच हातानं. उजवी मूठ पोटाशी, अंगठा आत. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "डावरा हाय त्यो. आज्यावर गेलाय. त्याचा आजा गोफण डाव्याच हातानं फिरवायचा, लांडगं टिपायचा." मनीषा पदराआड हसली. मीसुद्धा हसले.

वर्षाच्या आत कुठलंच लेकरू डावरं नसतं, उजवंही नसतं. एवढ्या लवकर एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताकडं बघायचं असतं. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. मला ते येत होतं, त्या क्षणी आठवतही होतं. आणि तरी मी हसले, पेन उचललं, उजव्या चौकोनात अधिक काढलं, डाव्यात अधिक काढलं. "छान आहे बाळ," म्हणाले.

पुढच्या दोन तारखांना ती आली नाही. बाळ छान आहे असं मीच सांगितलं होतं, तर दोन गाड्या बदलून कशाला येईल? आली ती मल्हारी दीड वर्षाचा झाल्यावर. उभा राहताना उजवा पाय चवड्यावर, उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट. दारातून आत येताना पाहिलं तेव्हाच मला कळलं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि जुनी फाइल मागवली. फॉर्म काढला. चष्मा वर करून मला विचारलं, "नवव्या महिन्यात दोन्ही हात नीट येत होते. तुम्हीच बघितलंय ना?"

इथं. ही ती जागा. खोलीत आम्ही पाचजण होतो — डॉक्टर, मी, मनीषा, सासू आणि तिच्या कडेवर मल्हारी. नाही सर, मी बघितलं नव्हतं — किती शब्द झाले? मी "हो सर" म्हणाले.

मग डॉक्टर मनीषाकडं वळले. त्यांचं काही चुकलं नाही. नवव्या महिन्यात चांगला होता, म्हणजे जे झालं ते नंतर झालं, असंच कुणीही म्हणेल. ताप डोक्यात गेला होता का? झटके आले होते? पडला होता का कधी? ती नाही नाही म्हणत होती. त्यांनी पुन्हा विचारलं, आठवून सांग म्हणाले. आणि ती पोर सासूकडं बघत म्हणाली, "पडला व्हता. एकदा. बाजंवरून. म्या भाकरी करत व्हते. लगीच गप झाला म्हनून सांगितलं नाय कुणाला."

बाज केवढी असते? गुडघ्याएवढी. खाली सारवलेली जमीन. तेवढ्यानं असं होत नाही, बहुतेक वेळा जन्माच्या वेळचंच असतं, हे मला कळत होतं. डॉक्टरही म्हणाले, खात्री नाही, मेंदूचा फोटो काढून बघू. पण लेकराला भूल द्यावी लागेल ऐकल्यावर घरचे घाबरले, फोटो राहूनच गेला. आणि सासूबाईंना तोवर उत्तर मिळालं होतं. त्या काही मोठ्यानं बोलल्या नाहीत. मल्हारीला घट्ट धरून नुसतं म्हणाल्या, "पाडलंस व्हय गं माझं लेकरू?"

मी तिथंच होते. मनीषानं सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आणि मी फाइल छातीशी धरून उभी राहिले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं, व्यायामाला येताना तीच सांगायची. घरातली बाज मोडून चुलीत घातली. लेकराची अंघोळ, तेल, भरवणं, सगळं सासूनं हातात घेतलं. वर्षभर ती माहेरी होती, लेकराविना. परत आली ती, तिच्याच शब्दांत, "पाया पडून".

मल्हारी आता सात वर्षांचा आहे. मी त्याचा उजवा हात दर पंधरा दिवसांनी हातात घेते, एकेक बोट उघडते, अंगठा बाहेर काढते. सोडलं की मूठ परत मिटते. नवव्या महिन्यातच सुरुवात झाली असती तर किती उघडली असती? पूर्ण? अर्धी? पेला धरण्याइतकी? ते आता कुणीच सांगू शकणार नाही. तो मला मावशी म्हणतो. मनीषा येताना शेतातली वाळकं आणते, आणि मी ती घेते. मला तिची भीती वाटते. फाइलींच्या कपाटाची भीती वाटते, तो फॉर्म अजून तिथंच आहे. फोन वाजला की आधी तेच मनात येतं. आणि सगळ्यात जास्त भीती याची, की इतकी भीती वाटूनही मी जेवते, झोपते, सणाला नवी साडी नेसते.

तीन महिन्यांपूर्वी मनीषा धाकटीला घेऊन आली. भागी, नऊ महिन्यांची. तिला जन्मताना काहीच त्रास नव्हता, तपासायची गरज नव्हती. मनीषानंच हट्ट धरला. "हिला नीट बघा मॅडम. समदं बघा." मल्हारी शेजारी उभा होता, आईचा पदर डाव्या हातात धरून.

मी टॉवेल घेतला, भागीच्या अंगावरचं तेल पुसलं. पालथी धरली, उचलली. एकदम खाली नेलं. दोन्ही हात आले — दोन्ही, दहाही बोटं पसरून, गादीवर थाप वाजली.

मनीषानं श्वास सोडला. डोळे भरून आले होते तिचे. मल्हारीची मिटलेली मूठ आपल्या हातात घेऊन ती म्हणाली, "हिला म्या एक दिस पडू दिलं नाय, मॅडम. म्हनून."

ती माझ्याकडं बघत राहिली, मी मान हलवेन म्हणून.

मी मान हलवली.