टिपाडावरची अक्षरं

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जिल्हा ग्रंथालयासाठी भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या होत्या आणि पुस्तकं अजून बारदानातच होती. ती लावण्याचं काम माझ्याकडे होतं. दुष्काळामुळे वाचायला फारसं कोणी यायचं नाही.

एका सकाळी औशाकडची एक बाई आली. चपला बाहेर काढून तिने पदराच्या गाठीतला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर कोळशाने इंग्रजी अक्षरं काढलेली होती, काही उलटी, काही अर्धी. तिला वाचता येत नव्हतं. रांगोळी उतरवावी तशी तिने ती घरातल्या पत्र्याच्या टिपाडावरून उतरवून आणली होती.

"ताई, हे काय लिवलंय तेवढं सांगा. टँकर चौथ्या दिशी येतो. पाणी साठवायला दिरानं मोंढ्याच्या बाजारातून टिपाड आणलं. परवा त्येची पोरगी गेली. माझा लेक दवाखान्यात हाय. डाक्टर म्हणतो, कॉलरा."

बारदानं उसवून मी शेतीच्या औषधांचं जाडजूड पुस्तक काढलं. कागद आरशासमोर धरला, अक्षरं मागेपुढे लावून पाहिली. तासाभराने नाव जुळलं. पिकावर फवारायचं जहर होतं. लक्षणं वाचताना मी बाईला विचारत गेले.

"लाळ गळते?"

"हाव."

"डोळ्यातली बाहुली बारीक झालीय?"

"टाचणीच्या डोक्याएवढी."

मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मी लिहून नेलेली विषाच्या नावाची चिठ्ठी वाचली, पोराचे डोळे पाहिले आणि औषध बदललं. संध्याकाळी पोराने आईला हाक मारली. मी इतकी खूश होते की त्या रात्री जेवले नाही.

आठवड्याने तिचा दीर आला. पांढरी टोपी, सातवी शिकलेला, तोंड सुकलेलं. "पोरगी कशानं गेली ते लिहून द्या," म्हणाला. बाप आहे, त्याला कळायलाच हवं, असं मला वाटलं. पुस्तकात एक लांब वाक्य होतं: अशी टिपाडं कितीही धुतली तरी त्यातलं विष जात नाही, ती पाण्यासाठी कधीही वापरू नयेत. घाईत मी ते तोकडं केलं. 'टिपाडात राहिलेल्या विषामुळे बाधा' असं लिहिलं आणि ऐटीत ग्रंथालयाचा शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी बाई परत आली. तिच्या ओठाला टाके होते.

"त्यानं तुमचा कागद पारावर वाचला. म्हणला, बघा, विष राहिलं, म्हंजी हिनं धुतलं न्हाई. ताई, मी राख लावून तीनदा धुतलं. हाताची सालं गेली." तिने तळवे दाखवले. "कितीबी धुतलं तरी जात न्हाई, असं दवाखान्यात तुम्हीच बोलला होता. तेवढं लिवा त्या कागदावर. आन् मला वाचता येत न्हाई, हेबी लिवा."

मी ग्रंथालयाच्या साहेबांकडे गेले. ते फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "घरची भांडणं आहेत. नवं ऑफिस आहे. दुसरा कागद निघणार नाही."

मी बाहेर येऊन तिला म्हणाले, "साहेब नाही म्हणतात."

"तुम्ही लिवा की."

नोकरी लागून मला तीन महिने झाले होते. मी म्हणाले, "माझ्या हातात काही नाही." पुस्तक टेबलावर उघडंच होतं. तिने त्या पानाकडे पाहिलं, बोट ठेवून विचारलं, "ह्यातच हाय का ते?" मी हो म्हणाले. तिने पान फाडून मागितलं नाही. चपला घातल्या आणि गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या गावची एक बाई एसटीत माझ्या शेजारी बसली. मी चौकशी केली. टिपाडवाल्या बाईला देगलूरकडे माहेरी धाडलं होतं आणि ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

"आणि लेक?"

"बरा हाय की. चांगला हुंदडतोय. त्याला सांगितलंय, आई मेली म्हणून."