मयुरी थूल जेवायला बसते

उन्हाळ्यात वांग्याची भाजी डब्यात दुपारपर्यंत टिकत नाही, हे मयुरी थूलला नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. सौर पंप बसवणाऱ्या एका कंपनीत ती सर्वेक्षणाचं काम करते. शेतकऱ्याने अर्ज केला की त्याच्या विहिरीवर जायचं, पाणी किती खोल आहे ते मोजायचं, पॅनेलवर कुठल्या झाडाची सावली पडेल ते बघायचं, फोटो काढायचे आणि पुढची विहीर गाठायची. घर आर्वीला, काम समुद्रपूर तालुक्यात, म्हणून तिने हिंगणघाटला खोली केलेली. सकाळी उन्हाच्या आधी निघायचं म्हणून डबा पहाटेच भरावा लागे. स्कूटीच्या डिकीत तापत पडलेला तो डबा दुपारी उघडला की आंबूस वास यायचा आणि भाजी कुत्र्यालाच घालावी लागायची.

मग ती केळी आणि बिस्किटांवर भागवू लागली. मे महिन्यात एकदा विहिरीच्या काठावरच तिला भोवळ आली. शेतकऱ्याच्या बायकोने धरून सावलीत नेलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि वर सांगितलं, "वेळेवर जेवत जा."

तिच्यासोबत काम करणाऱ्या प्रफुल्लला तिने विचारलं, "तू दुपारी कुठं जेवतं रे?"

"कुठंबी. जामच्या चौकात कुठंबी बस, मस्त मिळते."

प्रफुल्लचं ते 'कुठंबी' तिला मात्र सापडेना. जामला हायवेवर मोठी काचेच्या दाराची हॉटेलं होती. तिथे एकटीला जेवायचं तर दोघांचे पैसे लागत, आणि मिळायचं ते पनीर. तिला हवं होतं वरण-भात, भाकर, एखादी पातळ भाजी. ते मिळायचं ट्रकवाल्यांच्या छोट्या हॉटेलांत. अशा एका ठिकाणी ती पहिल्यांदा शिरली तेव्हा आतली बोलणी एकदम थांबली. गल्ल्यावरचा माणूस लगबगीने म्हणाला, "पार्सल ना, ताई?" तिच्या तोंडून हो निघून गेलं. रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली स्कूटीवर बसून तिने ते पार्सल सोडलं, तर वरणाची पिशवी फुटून अर्धं वरण ओढणीवर.

दुसऱ्या ठिकाणी 'फॅमिली रूम' होती. पडद्यामागे एक टेबल, बाजूला कांद्याची पोती, समोर भिंत. चव बरी होती. पण दुसरी भाकर हवी म्हणून तिने हाका मारल्या, त्या बाहेर कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. पडदा सारून बाहेर डोकवावं तर सगळे वळून बघतील. ती एका भाकरीवरच उठली.

नानाजी झाड्यांचं हॉटेल तिला सापडलं ते वासावरून. जामहून समुद्रपूरकडे वळलं की थोड्या अंतरावर रस्त्याला लागूनच ते होतं. पुढे टिनाचा मांडव, त्यात चार लांब बाक, मागे नानाजींचं घर. पावसाळा सुरू झाला होता. वेग कमी करून ती खड्डा चुकवत होती, तेवढ्यात लसणाच्या फोडणीचा वास आला आणि त्याच्या मागोमाग अंबाडीचा आंबट वास. तिने ब्रेक मारला.

नानाजी साठीच्या पुढचे, अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. ताटं वाढत होते. तिला बघून थबकले.

"काय पायजे, बाई?"

"जेवायचं हाय, काकाजी. अंबाडीची भाजी हाय ना?"

"हाय. कण्याबी हायेत." त्यांनी मांडवात नजर फिरवली. बाकांवर ड्रायव्हर आणि दोन-चार शेतकरी बसले होते. "कोण्या गावच्या तुमी?"

"आर्वीची. थूल."

आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा क्षणभर वाचायची तिला लहानपणापासूनची सवय होती. नानाजींच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांची काळजी निराळीच होती.

"तुमी आतल्या खोलीत बसा."

"मी इथंच बसतो ना. त्या कोपऱ्यात जागा हाय."

"नाई, बाई," नानाजी आवाज खाली आणून म्हणाले. "हे ड्रायव्हर लोक. तोंडाले येईन ते बोलतेत. कोनं काई बोललं तर हॉटेल माह्यं, नाव माह्यं खराब होईन. आत बसा. आपलंच घर समजा."

ते घरच होतं. खाट, टीव्ही, दोरीवर वाळणारे कपडे. मयुरी खाटेच्या कडेला बसली आणि स्टुलावर ताट आलं. ज्वारीच्या कण्या, त्यावर अंबाडीची भाजी, वरून लसणाचं कडकडीत तेल, बाजूला जवसाची चटणी. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे खांदे सैल झाले. उन्हाळाभर तिला काय हवं होतं ते तिला तेव्हा कळलं. आर्वीला घरी पाऊस लागला की आई हेच करायची, आणि चौघं जण पातेल्याभोवती बसायचे.

मागच्या दारातून एक बाई डोकावल्या. कपाळावर घाम, हाताला पीठ. "आंबट जास्त तं नाई झालं?"

"नाई, मावशी. माह्या आईसारखी झाली."

"मंग अजून घे," असं म्हणत त्यांनी वाढलंसुद्धा. या नानाजींच्या बायको, रुख्माबाई.

त्या दिवसापासून काम समुद्रपूरकडे असलं की मयुरीचं जेवण ठरलेलं. दर वेळी ती मांडवात बसायचं बघायची, दर वेळी नानाजी तिला आत पाठवायचे. तिने वाद घातला नाही. अन्न चांगलं होतं, खिशाला परवडत होतं, म्हातारा वाईट नव्हता. पण त्या खाटेवर बसून जेवताना तिला आपण कुणाच्या तरी घरात आगंतुक आल्यासारखं वाटायचं. कुणाच्या तरी वाळत्या साडीखाली बसून पैसे देऊन जेवायचं, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. बाहेरून हसण्याचे, पावसापाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गोष्टींचे आवाज यायचे. तिलाही त्या गोष्टी ऐकायच्या असायच्या. तिचं कामच शेतकऱ्यांशी होतं.

एके दिवशी चूल जरा मोकळी झाली म्हणून रुख्माबाई तिच्याजवळ येऊन टेकल्या.

"मावशी, तुमी कधी जेवता?"

"सगळे गेले का मंग. तिकडं, चुलीपाशी."

"आन मांडवात?"

रुख्माबाई तिच्याकडे बघत राहिल्या. विचारण्यासारखं हे काही आहे, असंच त्यांना वाटलं नसावं. मग त्या हसल्या. "मांडवात मी कायले बसू? झाडू माराले जातो सकाळी, तेवढंच. हॉटेल निघालं तवापासून सयपाक माह्याच हातचा हाय, पन बाकावर नाई बसली कधी."

त्या हे अगदी सहज बोलल्या आणि भाकर उलटायला उठून गेल्या. मयुरी मात्र गिरडच्या रस्त्यावर स्कूटी चालवताना तेच आठवत राहिली.

दसरा झाल्यावरची गोष्ट. मयुरी समुद्रपूरहून जामकडे परत येत होती. नानाजींच्या हॉटेलच्या अलीकडे एक मिनीबस रस्त्याच्या कडेला वाकडी उभी होती. टायर फुटलेला, स्टेपनीत हवा नाही, ड्रायव्हर फोनवर हुज्जत घालत होता. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बायका बसल्या होत्या. वणीकडच्या एका बचत गटाच्या. सकाळीच गिरडच्या टेकडीवर दर्गा बघून आल्या होत्या. त्यांच्यातली काजल नावाची, पुढारपण करणारी बाई मयुरीला म्हणाली, "मॅडम, इथं जवळपास काई खायले भेटन का? हायवेवर जेवू म्हनलं होतं, आता हा गाडीवाला कवा निंगते का मालूम."

"भेटते ना. हे काय, समोरच. वरण-भात, भाकर, भाजी. चांगलं असते."

"बाया बसू शकतेत तिथं?"

मयुरीने स्कूटी स्टँडवर लावली. मग म्हणाली, "चला, मी येतो संग."

मांडवासमोर एवढ्या बायका येऊन उभ्या राहिल्या तेव्हा नानाजींच्या हातातली वरणाची बादली तशीच राहिली.

"काकाजी, यायची गाडी बिघडली. भुकेल्या हायेत."

"अवं पन आतल्या खोलीत किती मावतीन?"

"नाई मावत," मयुरी म्हणाली. "बाहेरच बसवा लागन."

नानाजींनी खोलीकडे पाहिलं, बाकांकडे पाहिलं. मांडवात पाच-सहा ड्रायव्हर जेवत होते. त्यातला एक भरदार मिशांचा माणूस उठला, ताट उचललं आणि बाहेर बाजेवर जाऊन बसला. त्याला बघून बाकीचेही सरकले. एकजण म्हणाला, "बैठो बहनजी, इधर पंखा है।" बस, एवढंच. नानाजी इतकी वर्षं ज्याला भीत आले होते ते बोलणं काही कुणाच्या तोंडून आलं नाही.

पण काम वाढलं. रुख्माबाईंचं पीठ संपत आलं, चुलीवर एका वेळी एकच भाकर. मयुरीने बाह्या सावरल्या. भाकर थापायला गेली तर तिची तव्यावर पडेपर्यंत फाटली. रुख्माबाईंनी ती हळूच बाजूला ठेवली. "तू वाढ, पोरी. हे राहू दे." मग मयुरी वाढत राहिली. वरण, मेथीची भाजी, कांदा, लिंबू. बचत गटातल्या दोघी स्वतःहून चुलीपाशी गेल्या आणि एकीने पीठ मळायला घेतलं. मांडवात कालवा सुरू झाला. कुणाच्या लेकीचं लग्न, कुणाची शेळी व्याली, गटाचं पापडाचं काम. बाजेवरच्या मिशीवाल्याने तिथूनच विचारलं, "पापड नागपूरले देता का, बाई?" आणि दोन्हीकडून व्यवहाराचं बोलणं सुरू झालं.

टायर आला, बायका गेल्या. जाताना प्रत्येकीने चुलीपाशी जाऊन रुख्माबाईंना सांगितलं की भाजी चांगली झाली. असं कुणी आत येऊन सांगत नसे. ड्रायव्हरही उठले. मांडव रिकामा झाला तेव्हा पातेल्यात तळाशी थोडं वरण आणि दोन भाकरी उरल्या होत्या. मयुरी थकून बाहेरच्या बाकावर बसली. आज तिला आत जा म्हणायचं नानाजी विसरले होते.

रुख्माबाई मागच्या दारातून बाहेर आल्या, एका हातात मयुरीचं ताट, दुसऱ्या हातात स्वतःचं. दारात थोड्या घुटमळल्या. मग येऊन मयुरीच्या समोरच्या बाकावर बसल्या, पदर सारखा केला आणि भाकर मोडली.

नानाजी गल्ल्यापाशी उभे होते. एकदा खाकरले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसाने नेहमीसारखा हात केला, नानाजींनीही केला. मग ते आत गेले आणि पाण्याचे दोन गिलास घेऊन आले. एक मयुरीपुढे ठेवला, एक बायकोपुढे.

"कांदा पायजे का?" त्यांनी विचारलं.

"आना," रुख्माबाई म्हणाल्या.

पुढे सगळं हळूहळूच झालं. मयुरी मांडवात बसू लागली. तिने समुद्रपूरच्या एका नर्सला सांगितलं, नर्सने दोन शिक्षिकांना. बँकेतल्या, विम्याच्या, खतांच्या कंपनीच्या, दिवसभर गाडीवर फिरणाऱ्या बायका या भागात किती आहेत हे मयुरीला तेव्हाच कळलं, आणि सगळ्या बिस्किटांवर दिवस काढत होत्या. हल्ली तिला अनोळखी नंबरवरून फोन येतात. "मॅडम, हिंगणघाटले कुठं चांगलं हाय? आर्वीले डेपोपाशी?" ती नुसती चव सांगत नाही. बसायला कुठे बरं, हात धुवायला पाणी आहे का, भाकर दुसऱ्यांदा विचारतात का, तेही सांगते. त्यासाठी ती रविवारीही फिरते. काही ठिकाणी अजून "पार्सल ना, ताई?" हेच ऐकावं लागतं, आणि काही ठिकाणी ती तिथून उठूनही येते. हॉटेलवाला चांगला असला तर थोडा वाद घालते.

गेल्या हिवाळ्यात तिने रुख्माबाईंना विचारलं, "मावशी, तुमी दुसऱ्याच्या हॉटेलात जेवल्या का कधी?"

"मी?" रुख्माबाई म्हणाल्या. "मले कोन नेईन?"

रविवारी नानाजींनी हॉटेल बंद ठेवलं नाही. पण एक वेळ खिचडी आणि कढी मी करतो, असं ते स्वतःच म्हणाले. रुख्माबाई नवी साडी नेसून स्कूटीवर मागे बसल्या, मयुरीचा खांदा घट्ट धरून. हिंगणघाटला बाजारामागे एक छोटं हॉटेल मयुरीने हेरून ठेवलं होतं. दोघी मधल्या टेबलावर बसल्या. ताटं आली. वर कोथिंबीर पेरलेलं वांग्याचं भरीत, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा.

रुख्माबाईंनी भरीत बोटाने चाखलं. "वांगं नीट भाजलं नाई," त्या म्हणाल्या. "आन सांबार वरून घातला, आत पायजे होता."

"मंग दुसरीकडं जाऊ का?"

"काऊन?" रुख्माबाईंनी मोठा घास घेतला. मग पाठ खुर्चीला टेकवून इकडेतिकडे बघितलं. आत कुणीतरी भाकरी थापत होतं, त्याचा आवाज येत होता. त्या थोडा वेळ तो ऐकत राहिल्या.

"दुसऱ्याच्या हातची हाय ना," त्या म्हणाल्या. "गरम हाय. मी बसली हाय, आन ताटात येऊन राह्यली." त्यांनी हात वर करून वाढणाऱ्याला हाक मारली. "ओ भाऊ, अजून एक भाकर आनजो!"