आतली धार

पाणीखात्यातल्या मोजणीवाल्याला नदीच्या पाण्याची जेवढी नावं ठाऊक होती, तेवढी स्वतःच्या सोयऱ्यांचीही नव्हती, असं त्याची बायको म्हणायची. दगडांवरून उड्या मारत जातो तो खळाळ, एकसारखी सरकते ती धार, खोल थांबतो तो डोह. खात्याच्या तक्त्यात या तिघांचे तीन रकाने नि चौथा ‘कोरडं’. उन्हाळ्यात पात्रातून चालत जायचं, दर शंभर पावलांवर थांबून खूण करायची.

पण नदी काही तक्ता वाचून वाहत नाही. कोरड्या दिसणाऱ्या गोट्यांच्या खालूनही पाणी चालतं. याच नोकरीत जन्म घालवलेले त्याचे वडील त्याला आतली धार म्हणत. गोटे सारून कोपरापर्यंत हात घालायचा. गार लागलं तर समासात पेन्सिलीनं लिहायचं, ‘आतली धार आहे’. साहेबानं नाही वाचलं तर समोर उभं राहून वाचून दाखवायचं. खालचा डोह त्या धारेवरच जगतो, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ते दर खेपेला बजावत.

त्या डोहात मोजणीवाल्याचा धाकटा भाऊ जाळं टाकायचा. त्याचं घर तेवढ्यावरच चालायचं.

तीन वर्षांपूर्वी मोजणीवाल्याचे गुडघे कुरकुरायला लागले. त्यात ऊन मी म्हणत होतं. डोहाच्या वरच्या तीनशे पावलांवर त्यानं काठावरूनच नजर टाकली नि तीन खुणा केल्या, तिन्ही कोरड्याच्या. समास कोरा राहिला. इतक्या वर्षांच्या इमानदारीत एका दुपारचा आळस खपून जातो असं माणसाला वाटतं, आणि माणूस घसरतो तो तिथंच.

तक्त्यात कोरडा लिहिलेल्या पट्ट्यातले गोटे उचलायला ठेकेदारांना परवानगी मिळते. महिन्याभरात यंत्रं आली, दोन पुरुष खोल खड्डे पडले. घाबरलेल्या भावानं विचारलं, वर हात घालून बघितलं होतंस ना? बघितलं की, म्हणून यानं वेळ मारून नेली. भावानं विश्वास ठेवला. थोरल्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

आतली धार खड्ड्यांत अडली नि उन्हात वाळून गेली. पुढच्या उन्हाळ्यात डोह गुडघाभर उरला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मासे चिखलात तोंड उघडून पडले, आणि भावाची बायको ते टोपल्यांनी पुरत होती.

यंदा तो तक्ता घेऊन आला तेव्हा भाऊ काठावर जाळं गुंडाळत होता. सोमवारपासून गोदामात पोती उचलायला जाणार होता. मोजणीवाला डोहाच्या तळाशी उतरला, कण्हत गुडघ्यांवर बसला, गोटे सारले, कोपरापर्यंत हात घातला. कोमट वाळू. बोटांना ओलसुद्धा लागली नाही. लाजेनं त्याला मान वर करवेना.

भाऊ खाली उतरून जवळ आला.

"दादा, वर असाच हात घातला होतास?"

"नाही," मोजणीवाला म्हणाला. "काठावरूनच लिहिलं मी."

 भावानं खाली पडलेला तक्ता उचलला, धूळ झटकली आणि पेन्सिल थोरल्याच्या हातात दिली.

"लिही मग," तो म्हणाला. "आता खरंच कोरडं आहे."

लिहून होईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.