खिंडीतले दगड

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. ज्याचं नावही ठाऊक नाही त्याच्याबद्दल लिहितोय, माफ करा. शिकायला जर्मनीत आलो, तिथल्या श्वार्झवाल्डच्या डोंगरधारेवर तो म्हातारा दर रविवारी माझ्या मागून यायचा. मी थांबलो की तोही थांबून बुटाची नाडी बांधायचा. मला तो पाळतीवर वाटे.

गावाकडच्या घाटात देवाला वाहतात तसे मी खिंडीत दगड वाहून रास रचायचो. एकदा वळून पाहिलं, तर तो माझी रास पायाने मोडत होता.

"देवासाठी ठेवलेत," मी म्हणालो.

"देवाला वाट ठाऊक असते," तो म्हणाला.

माझा संशय पक्का झाला.

परवा पायथ्याच्या कॅफेतल्या बाईंकडून कळलं. इथे अशी रास म्हणजे वाटेची खूण. कुणीतरी सहज रचलेल्या राशीवर धुक्यात विसंबून त्या म्हाताऱ्याची बायको कड्याकडे गेली, ती परतलीच नाही.